आठल्ये गुरुजींची पिकअप

पन्नाशी उलटेपर्यंत सुमंत आठल्ये भर दुपारी कधी झोपला नव्हता. काशीत तीर्थश्राद्धं करणाऱ्याला ती चैन परवडत नाही. पहाटेपासून फोन वाजायला लागतो, "गुरुजी, आम्ही स्टेशनवर उतरलो, आता कुठं यायचं?" मग घाटावर पिंड, मग दुसऱ्या यजमानांचे पिंड, संध्याकाळी गयेला निघालेल्यांचे संकल्प, आणि या सगळ्यात जेवण सापडलं तर सापडलं. दूधविनायकाच्या गल्लीत त्याचं घर. खाली दुधाचं दुकान, समोर मंदिर, मंदिरावर भोंगा. समोरून सांड आला की माणसांनी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं अशी ती गल्ली. सुमंत तिथंच जन्मला, वाढला, आणि या गोंगाटाबद्दल त्याने कधी ब्र काढला नाही. मुळात तो फारसं बोलणारा माणूसच नव्हता. रडणाऱ्या लोकांसमोर बसून शांतपणे दर्भाच्या अंगठ्या वळायच्या आणि गोत्र विचारायचं, हे ज्याचं रोजचं काम, त्याच्यात थोडा अलिप्तपणा येतोच. तो नसता तर त्याला हे काम झेपलंही नसतं.

अशा माणसाला एका परक्याच्या गाडीत झोप लागली.

झालं असं, की नाशिकचे आदित्य बेळे वडिलांच्या अस्थी घेऊन आले. चारचौघांसारखे रेल्वेने नव्हे, तर स्वतःची पिकअप चालवत. पुढे त्यांना नेपाळला जायचं होतं. गाडी एवढी मोठी, की सुमंतने फोनवरच त्यांना सांगितलं होतं, शहरात आणूच नका, पलीकडे रामनगरला लावा. विधी झाल्यावर बेळे म्हणाले, "गुरुजी, चला ना, गाडी बघा तरी." दक्षिणा देऊन झाल्यावरही जो यजमान आग्रह करतो त्याचं मन मोडू नये, म्हणून सुमंत होडीत बसला.

गाडीच्या मागच्या हौद्यावर लोखंडी सांगाडा होता आणि त्या सांगाड्यावर उलगडणारा तंबू. बेळ्यांनी शिडी लावली. सुमंत चपला काढून वर चढला. आत पातळ गादी होती, दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या, आणि रामनगरच्या त्या मोकळ्या आवारात वाळत घातलेल्या गवताचा वास. खाली बेळे चहा टाकत होते. स्टोव्हची फुरफुर ऐकू येत होती, दुसरं काहीच नाही. पाठ जरा टेकून बघू, असं त्याच्या मनात आलं.

जाग आली तेव्हा ऊन कललं होतं. बेळे खुर्ची टाकून बसले होते.

"चहा निवला. मग मीच प्यायलो दोन्ही," ते म्हणाले. "नवा टाकू?"

सुमंत ओशाळला, पण तेवढंच. होडीतून परतताना त्याच्या डोक्यात एकच गोष्ट चालू होती. अशी गाडी आपण घ्यायची.

घरी त्याने हे बायकोला सांगितलं. आनंदी मूळची भुसावळची, रेल्वे गार्डाची मुलगी. लग्न करून काशीला आली आणि इथल्या आरक्षण कार्यालयात लागली. कोणत्याही गोष्टीचं तिला लगेच आश्चर्य वाटत नसे. ती पोळ्या लाटत होती.

"पिकअप? का, भाजी विकायचीय?"

"राहायला."

"घर आहे की."

"घराबाहेर राहायला. जंगलात, पठारावर. तंबू वर असतो. जमिनीवर नाही झोपायचं."

आनंदीने पोळी उलटली. "एकट्याने जाणार, की मीही?"

सुमंतने याचा विचारच केला नव्हता. तो खरं तेच म्हणाला, "ठरवलं नाही."

"मग ठरवा," ती म्हणाली. "आणि गाडी नीट तपासून घ्या. चकचकीत बघून भुलू नका."

त्या पावसाळ्यात काशीत यजमान कमी होते. गंगा चढली होती, घाट बुडाले होते, श्राद्धं गच्च्यांवर आणि दालनांत होत होती. सुमंतला फुरसत होती. गाडी त्याला चालवता येत असे. कॉलेजात असताना मिर्झापूरला मामाच्या जीपवर हात बसला होता. पण गाडी घेणं निराळं. त्याने पाठांतर करावं तशा चिकाटीने विषय हातात घेतला. मोबाइलवर तासन्‌तास व्हिडिओ बघितले. बेळ्यांना फोन करून शंका विचारल्या. हळूहळू त्याला कळू लागलं, की पिकअप पिकअपमध्ये फरक असतो. शहरात भाजी वाहणाऱ्या पिकअपची फक्त मागची चाकं ओढतात. चिखलात ती जागच्या जागी फिरत बसते. त्याला हवी होती चारही चाकं ओढणारी, आणि त्यातही जिला जादा सावकाश आणि जादा जोरात ओढण्याचा वेगळा गिअर आहे अशी. बेळे त्याला 'लो' म्हणत. "चढावर, वाळूत, पाण्यात लो टाका. गाडी मुंगीसारखी चालेल, पण चालेल."

एका शोरूममध्ये त्याने नवीकोरी परदेशी पिकअप बघितली. आत बसल्यावर विमानात बसल्यासारखं वाटलं. विक्रेत्या मुलीने छतातली काच सरकवून दाखवली. सुमंतने खाली वाकून मागच्या चाकांकडे बघितलं आणि विचारलं, "ओझं किती पेलते?" मुलीने माहिती बघून आकडा सांगितला. आकडा वाईट नव्हता, पण गाडीची लांबी बघता तिला वळायला अर्धं रामनगर लागलं असतं. आणि तिच्यावर पहिला ओरखडा उमटेल तेव्हा आपण काय करू, हा विचार मनात आल्याबरोबर तो उतरला. ज्या वस्तूला जपावं लागेल ती त्याला नको होती.

शेवटी मिळाली ती सोनभद्रकडच्या एका ठेकेदाराची. खाणीवर माणसं आणि सामान ने-आण करणारी, दुहेरी केबिनची, चारही चाकं ओढणारी, रंग उडालेली. ती बघायला सुमंतबरोबर ऋतुराज सिंह आला होता. ऋतुराजचं रामनगरला आवार होतं. टेम्पोंचे हौदे आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणं हा त्याचा धंदा. त्याच्याच आवारात बेळ्यांनी गाडी लावली होती. जाडजूड, मिशाळ आणि अतिशय उत्साही माणूस. त्याने गाडीखाली शिरून हातोडीने चासी ठोकत ठोकत पुढून मागे प्रवास केला, आणि बाहेर येऊन म्हणाला, "पंडितजी, सूरत मत देखिए. हड्डी सही है."

आनंदीने फोटो बघितले. "म्हातारी दिसते," ती म्हणाली, "पण चालेल."

मग सुरू झाली गाडीची बांधणी, आणि तिच्याबरोबर सल्ल्यांची वर्दळ. पितृपक्ष आला, सुमंत दिवसभर घाटावर आणि जमेल तेव्हा पुलावरून रामनगरला. ऋतुराजला गाडीवर सगळंच लावायचं होतं. पुढे लोखंडाचा भक्कम दांडा. तो नियमात बसत नाही हे सुमंतने आरटीओत जाऊन विचारून आल्यावरच त्याने नाद सोडला. मग विंच, म्हणजे गाडी अडकली तर झाडाला तारदोर बांधून स्वतःला ओढून काढायची विजेची चरखी. मग पाण्यात इंजिन बुडू नये म्हणून छतापर्यंत जाणारं हवेचं नळकांडं. खोल नक्षीचे टायर आले. मागे कमानीचा एकेक पाटा वाढवला. हौद्यावर पत्र्याची टपरी, टपरीवर तंबू, टपरीत सरकते खण, दुसरी बॅटरी, पाण्याची टाकी.

घरच्यांनीही हात आखडता घेतला नाही. आनंदीने स्वयंपाकाचं सगळं सांगितलं, पोळपाट-लाटणं, कुकर, दोन शेगड्या. आणि विष्णुदादांनी देव्हारा.

विष्णुदादा हे सुमंतचे चुलतभाऊ, त्याच्याहून बरेच मोठे. वडील लवकर गेल्यावर सुमंतला संहिता त्यांनीच शिकवली. आठल्यांकडे येणारे यजमान पिढ्यान्‌पिढ्यांचे. त्यांची वाटणी दादा करत, आणि ती कधी कुणाला खुपली नव्हती. गाडीची बातमी त्यांना भोसले घाटावर कळली. त्यांनी सुमंतला पायरीवर बसवून घेतलं.

"जंगलात जाऊन करणार काय तू?"

"काही नाही, दादा. राहणार."

"वानप्रस्थाला अवकाश आहे अजून." ते हसले. त्यांना राग आला नव्हता. "जा बाबा. संध्या चुकवू नकोस. आणि गाडीत देव ठेव. मुक्कामाला देव नाही असं नको."

त्यांनी स्वतः सागवानी देव्हारा करवून रामनगरला पाठवला. तो इतका जड होता, की दोन माणसांनी उचलून आणला.

कार्तिक सरला, देवदिवाळीची गर्दी ओसरली, गाडी तयार झाली. ऋतुराजच्या सांगण्यावरून ती धरमकाँट्यावर नेली. तिथे अहरौऱ्याकडचे गिट्टीचे ट्रक वजनाला येतात. रांगेत दोन ट्रकांच्या मध्ये आठल्ये गुरुजींची पिकअप उभी राहिली. खिडकीतल्या माणसाने वजनाची चिठ्ठी दिली आणि विचारलं, "क्या लादे हैं इसमें, सरिया?" आत लोखंडी सळया भरल्यात असं त्याला वाटलं होतं.

कंपनीने जितकं ओझं पेलायला सांगितलं होतं त्याच्या किती तरी वर काटा गेला होता, आणि अजून माणसं बसायची होती. सुमंत रस्त्याच्या कडेला उभा राहून गाडीकडे बघत राहिला. कमानी मागून बसल्या होत्या, नाक वर झालं होतं. जंगलात जायला म्हणून तिच्यावर जे जे चढवलं, त्यामुळेच ती आता जंगलात जाण्याजोगी उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आनंदी सुट्टी काढून त्याच्याबरोबर आवारात आली. दोघांनी सगळं सामान खाली काढून अंगणात मांडलं आणि एकेका वस्तूपाशी उभं राहून ठरवलं. पत्र्याची टपरी गेली, तिच्या जागी तंबूपुरता हलका सांगाडा आणि ताडपत्री आली. लोखंडी खण गेले. आनंदीने आपणहून कुकर आणि एक शेगडी बाजूला काढली. "खिचडी करू. तुम्हाला चालते." विंचपाशी ऋतुराज येऊन उभा राहिला. सुमंतने तीही उतरवायला सांगितली. ऋतुराजचा चेहरा पडला.

"फँस गए तो?"

"तो फँसेंगे," सुमंत म्हणाला.

देव्हाऱ्यापाशी मात्र तो अडला. दादा त्याचे, निर्णय त्याचा. थोड्या वेळाने त्याने देव्हाऱ्यातली अन्नपूर्णेची लहान मूर्ती काढून रुमालात गुंडाळली, समोरच्या कप्प्यात ठेवली, आणि देव्हारा ऋतुराजच्या खोलीत ठेवायला सांगितला.

मार्गशीर्षात एका सकाळी ते निघाले. दोघंही. ते कधी ठरलं हे सुमंतला सांगता आलं नसतं. आनंदीने रजा टाकली आणि स्वेटर भरले, झालं. निघताना ऋतुराजने खिडकीशी येऊन शेवटचा पाठ दिला, "एक बात, पंडितजी. गाड़ी पानी में डाल दिए, तो रुकना नहीं है. चाहे जो हो."

चकियापर्यंत रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातखाचरं. मग घाट लागला, साल आणि तेंदूची झाडं आली, आणि गाडी नौगढच्या पठारावर चढली. अभयारण्याच्या हद्दीबाहेर, नदीपलीकडच्या एका खेड्यात, ऋतुराजच्या ओळखीच्या शेतकऱ्याने आपल्या पडीक जमिनीवर मुक्काम करायला सांगितलं होतं. डांबरी रस्ता सोडून कच्ची वाट धरली. गाडी डुलत, खडखडत, पण बिनतक्रार चालली होती. आनंदी खिडकीच्या वरची कडी धरून बसली होती. तिचा चेहरा सुमंतने बऱ्याच वर्षांत इतका मोकळा बघितला नव्हता.

वाट एका पाण्यात उतरली. सुमंतने थांबून नीट बघितलं. पात्र रुंद, पण पाणी गुडघाभर असावं. मधेमधे खडक, बाकी वाळू. पलीकडे वाट पुन्हा वर चढताना दिसत होती. ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा होत्या. त्याने गाडी पाण्यात घातली.

पलीकडच्या काठावर एक माणूस म्हशी घेऊन उभा होता. गाडी मध्यावर आली असेल-नसेल, आनंदीने काच खाली करून त्याला ओरडून विचारलं, "भैया, कौन-सी नदी है?"

"करमनासा!" तो ओरडला.

सुमंतचा पाय ब्रेकवर पडला.

विचार करून पडला असं नाही. जिन्यात पायाखाली काही वळवळलं तर जसा पाय मागे येतो, तसा. काशीतल्या ब्राह्मणाच्या घरात मूल बोलायला लागतं तेव्हापासून त्याला ठाऊक असतं, की कर्मनाशेच्या पाण्याला शिवायचं नाही. स्वर्ग आणि पृथ्वीच्या मध्ये उलटा लोंबकळणाऱ्या त्रिशंकूच्या तोंडच्या लाळेतून ती निघाली, आणि तिचा थेंब अंगाला लागला की साठवलेलं सगळं पुण्य धुऊन जातं. सुमंतच्या माहितीतली कर्मनाशा बिहारच्या हद्दीवर होती, गयेला जाताना लागणाऱ्या रेल्वेच्या पुलाखाली. ती इथून, या पठारावरून, एवढीशी होऊन वाहत येते हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"का थांबलात?" आनंदीने विचारलं.

त्याने गाडी पुन्हा पुढे काढायचा प्रयत्न केला. मागची चाकं फिरली, गाडी थरथरली आणि डावीकडे कलली. थांबलेल्या चाकांखालची वाळू पाण्याने खरवडून नेली होती. त्याने गिअर मोकळा करून लो टाकला. इंजिनाने दम धरला, चारही चाकं फिरली, आणि गाडी वीतभर आणखी रुतली. मग त्याने पाय काढून घेतला. अजून रेटलं तर ती पोटावर बसेल, एवढं त्याला कळत होतं.

इंजिन तसंच चालू ठेवून दोघं बसून राहिले. दाराच्या खालच्या कडेला पाणी चुळबुळत होतं. म्हशीवाला जरा वेळ बघत होता. मग म्हशी पुढे गेल्या आणि त्यांच्यामागे तोही गेला.

"टायरमधली हवा कमी करायला हवी," सुमंत म्हणाला. "चाकं पसरतात मग. वाळू धरतात."

"मग करा ना."

"खाली उतरावं लागेल."

आनंदीने त्याच्याकडे बघितलं. तिच्या लक्षात आलं. "त्या पाण्याचं म्हणताय? सासूबाई सांगायच्या, ते?"

"हं."

"आमच्या तिकडे नदी म्हणजे नदी. तापीत उतरलं की माणूस ओला होतो, बस." ती चप्पल काढू लागली. "तुम्ही बसा. मी करते. काय करायचं ते सांगा."

"विंच ठेवायला पाहिजे होती," तो म्हणाला.

"अन् तिचा दोर झाडाला बांधायला कोण गेलं असतं? उडत?"

तिने दार उघडलं. साडीऐवजी आज ती सलवार घालून आली होती. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून ती खाली उतरली आणि थंडीने एकदा "आई गं" म्हणाली. पाणी पोटऱ्यांच्या वर आलं. तिने हौद्याच्या कडेवर हात टेकून तोल सावरला आणि मागच्या चाकाकडे चालू लागली.

सुमंत स्टिअरिंग धरून बसला होता. रोज तो माणसांना पाण्यात उतरवत असे. डावा गुडघा टेका, उजव्या हाताने अर्घ्य सोडा, घाबरू नका, मी आहे. वर्षानुवर्षं. त्याच्या आयुष्यात असा प्रसंग आला नव्हता, की पाण्यात दुसरं माणूस आहे आणि तो कोरडा. त्याला लाज वाटली म्हणावं तर तसंही नव्हतं. त्याला ते फक्त विचित्र दिसत होतं, एखादा विधी उलटा चाललेला दिसावा तसं. त्याने धोतर वर खोचलं, दार उघडलं आणि पाय खाली सोडला.

पाणी गार होतं. खाली वाळू, वाळूत गोटे. काही झालं नाही.

मग दोघं कामाला लागले. त्याने कोपरापर्यंत हात बुडवून एकेका चाकाचा व्हॉल्व शोधला आणि काडीने दाबून धरला. पाण्यातून बुडबुडे वर येऊ लागले. टायरची फुगलेली पोटं खाली बसली. आनंदीने पाण्याचे कॅन, शेगडी, गाद्या, शिधा असं सगळं सामान पलीकडच्या काठावर नेऊन ठेवलं. दोघांनी मिळून चपटे दगड गोळा करून चाकांपुढे रचले. एकदा दगड उचलताना सुमंतचा पाय घसरला आणि तो सपशेल पाण्यात बसला, छातीपर्यंत. जानवं भिजलं. आनंदी काठावरून बघत होती. ती हसली नाही. हसू आवरायला तिने तोंड फिरवलं, तेवढं त्याला दिसलं.

"आता काय राहिलं शिवायचं?" तो म्हणाला, आणि मग तोच हसला.

तिसऱ्या प्रयत्नाला गाडी दगडांवर चढली. या वेळी तो थांबला नाही. लोमध्ये, मुंगीच्या चालीने, पाणी उडवत, कलत आणि सावरत ती पलीकडच्या चढाला लागली आणि वर कोरड्या जमिनीवर जाऊन उभी राहिली. काठावरचं सामान पुन्हा लादायला मात्र बराच वेळ गेला.

त्या रात्री त्यांनी खिचडी केली. तंबूत आनंदीला लगेच झोप लागली. सुमंतला नाही. शांतता होती, पण त्या शांततेत कोल्हे होते, वारा होता, थंड होणाऱ्या इंजिनाची टकटक होती. तो जागा होता आणि त्याचं काही बिघडत नव्हतं. सकाळी त्याने त्याच नदीवर जाऊन संध्या केली. अर्घ्यासाठी ओंजळ भरताना तो किंचित थबकला. पण दुसरं वाहतं पाणी जवळपास नव्हतं, आणि संध्या चुकवू नकोस असं दादांनीच सांगितलं होतं.

परत आल्यावर त्याने दादांना सगळं सांगितलं. लपवायचं त्याच्या मनातही आलं नाही. दादा चौरंगावर बसून ऐकत होते. मुक्तावहिनींनी दोघांपुढे चहा ठेवला होता. देव्हारा मागे ठेवल्याचं दादांनी सोडून दिलं. नदीचं ऐकल्यावर मात्र त्यांनी उचललेला चहाचा कप हातातच धरून ठेवला.

"नकळत झालं," ते शेवटी म्हणाले. "त्याला उपाय आहे. पंचगव्य घे, जानवं बदल, प्रायश्चित्ताचा संकल्प कर. मी सांगतो मंत्र. परवा नागपूरची मंडळी येतायत, त्याच्या आधी होऊन जाईल."

"गयेला जाताना आपण सगळेच ओलांडतो की, दादा. स्टेशनच आहे तिच्या नावाचं."

"पुलावरून. पाण्याला शिवत नाही आपण." दादांचा आवाज चढला नव्हता. "हे बघ, मला सांगू नकोस की पाण्याने काही होत नाही. पाण्याने काही होत नसेल तर आपण घाटावर रोज काय करतो?"

प्रश्न बिनतोड होता. तो म्हणाला, "मी प्रायश्चित्त घेईन, दादा. पण पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे. तीच वाट आहे."

"दुसरी जागा बघ. अलीकडच्या तीरावर."

"बघता येईल. पण मला ती जागा आवडली."

दादांनी चहाचा कप खाली ठेवला. "मग प्रायश्चित्त कसलं? पुन्हा करणार नाही असं मनाशी धरावं लागतं. ते धरल्याशिवाय मी तुझ्या हातावर पाणी सोडणार नाही. तुला मी शिकवलंय. खोटा संकल्प तू करू नयेस आणि मी सांगू नये."

"नाही करत," सुमंत म्हणाला.

भांडण असं झालंच नाही. नागपूरकरांचं कार्य भोसले घाटावर दादांनी एकट्याने केलं. त्यानंतर गयेला जाणारे यजमान ते स्वतःकडे ठेवू लागले. सुमंतकडे राहिल्या सत्यनारायणाच्या पूजा, रुद्राभिषेक, मुंजी. संक्रांतीला दादांकडे पंगत होती. सुमंतचं पान वेगळ्या ओळीत मांडलं होतं, थोडं आडबाजूला. वहिनींनी त्याला वाढताना गुळाची पोळी न विचारता दोनदा वाढली. तो जेवला, हात धुतले, दादांना नमस्कार केला. दादांनी पाय मागे घेतले नाहीत. गल्लीत दोन दिवस चर्चा झाली, मग लोकांना दुसरा विषय मिळाला.

आनंदीला हे सहन होत नव्हतं. "तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?" ती एकदा म्हणाली.

त्याने विचार करून उत्तर दिलं. "वाटतं. पण दादांचं चुकलंय असं नाही वाटत. माझं चुकलंय असंही नाही."

"मग?"

"मग काय? असू दे तसंच."

काम कमी झालं तसा तो पठारावर जास्त जाऊ लागला, महिन्यातून एकदा, कधी दोनदा. आनंदीला रजा मिळाली तर ती येई. शिवरात्रीनंतर तिने गाडी शिकायला घेतली, तीही थेट त्या शेतकऱ्याच्या पडीक जमिनीवर. ती त्याच्यापेक्षा बरी चालवते हे चार दिवसांतच उघड झालं. ती घाबरत नसे, आणि मुख्य म्हणजे मध्येच थांबत नसे.

चैत्रात दादा रामनगरला आले. किल्ल्याजवळ कुणाकडे तरी वास्तुशांत होती. परतताना होडीची वाट बघत ते सावलीला उभे होते, आणि सुमंत गाडीला वंगण घालून आवारातून बाहेर काढत होता. दोघांची दृष्टादृष्ट झाली. सुमंत गाडी थांबवून उतरला.

दादांनी गाडीला एक फेरी घातली. हात मागे बांधलेले. ती त्यांनी पहिल्यांदाच बघितली होती. टायरच्या खोल नक्षीत बोट घालून बघितलं, तंबूचा सांगाडा बघितला. "वर झोपता?"

"हो."

"पडत नाही?"

"नाही, दादा. कडेला पट्टी आहे."

"हं." त्यांनी हात पुन्हा मागे बांधले. "मुकुलचं लग्न ठरतंय. पुण्याची मुलगी आहे." मुकुल त्यांचा मुलगा.

"अरे वा. कधी?"

"मुलीकडचे बघायला येतील पुढच्या महिन्यात. बरीच माणसं आहेत." दादांनी नदीकडे बघितलं. होडी पलीकडच्या तीरावरून अजून निघाली नव्हती, ऊन चढत होतं. "सारनाथ, विंध्याचल, सगळं दाखवावं लागेल त्यांना. आनंदीला सांग, रजा काढून ठेवायला. तिला येतं सगळ्यांशी बोलता."

"सांगतो."

"आणि तूही ये."

सुमंतने दार उघडलं. "पुलावरून सोडू का, दादा? ऊन आहे."

दादांनी वर आसनाकडे बघितलं. पायरी उंच होती. त्यांनी नकार दिला, पण तुटकपणे नाही. होडी येतेच आहे, म्हणाले. आणि ती येईपर्यंत दोघं गाडीच्या सावलीत उभे राहून मुलीकडच्या मंडळींना कुठं उतरवायचं याबद्दल बोलत राहिले.